नीलाबाईच्या चार खाटा

नीलाबाई मला आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. ती माझी धाकटी जाऊ. आज आमच्या भागात दवाखान्याची गोष्ट निघाली की लोक तिचंच नाव घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. जे तिनं केलं ते तिनंच केलं. पण ते होत असताना मी शेजारी उभी होते, आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मलाच ठाऊक.

मी वरोऱ्याची. मराठी सातवी पास. लग्न होऊन हिवरटोल्याला आले तेव्हा या गावात पोथी वाचू शकणारी दुसरी बाई नव्हती. श्रावणात आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, पोथी लागायची. बायका धानाच्या बांध्यांतून चिखलाचे पाय धुऊन यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. चार श्रावण असे गेले. मग नीला आली.

ती माझ्या दिराची, डोमाभावजींची, मामेबहीण. मामाची मुलगी आत्याच्या घरी द्यायची ही आमच्याकडची रीत. त्यामुळे ती सून म्हणून आली तरी सासूची भाचीच होती. मी पदर सावरत चुलीपाशी, आणि ही सासूच्या मांडीला मांडी लावून पान खात. उंच, काळी, दात पुढे, हसली की गोठ्यातले बैल मान वर करत. अक्षरओळख नाही. पहिल्याच श्रावणात मी राणीच्या वनवासाचा अध्याय वाचत होते, बायकांच्या डोळ्यांना पाणी, आणि ही मधेच म्हणाली, "बाई, हे सारं खरं. पण त्या राणीच्या लेकराले कोणी जेवू घातलं का नाई? का ते बी उपाशी, अन् हे नुसती रडूनच राह्यली?"

सगळ्या हसल्या. त्यानंतर बायका पोथीला यायच्या, पण माझ्या वाचण्यापेक्षा नीला काय बोलते याकडे कान द्यायच्या. देवाच्या कामात असं वाटू नये, पण मला वाटलं.

माझा थोरला वारलू. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या हातापायांची बोटं भेंडीसारखी सुजली. मग डोळे पिवळे. पाऊस लागला की किंवा थंडी पडली की त्याची हाडं दुखायची. दुखायची म्हणजे लेकरू अंगावर गोधडीसुद्धा ठेवू द्यायचं नाही. आमच्या भागात ही दुखणी नवी नव्हती. कुणब्यांच्या घरी होती, तेल्यांच्या घरी होती, गोंडांच्या टोल्यावर होती. कुणी वात म्हणे, कुणी नजर. अशा लेकराच्या कमरेला काळा करदोडा बांधायचा आणि दर दुखण्याला त्यात एक गाठ मारायची. गाठ मारताना आईनं म्हणायचं, "इथंच थांब, पुढं जाऊ नको." लेकरू वाढलं, दोरा आखूड झाला की जुना काढून आढ्याला खोचून ठेवायचा, टाकायचा नाही. सातवी पास असूनही मी त्या गाठी मारल्या. दर गाठीला आधी तुळशीपुढे दिवा लावला.

वारलूला नववं लागलं आणि पौषात तो गेला. त्याचा करदोडा मी पहिल्यापासून लांब घेतला होता, तो एकदाही बदलला नव्हता, आणि तो मी काढू दिला नाही. त्याच्यासोबतच तो मातीत गेला.

दोन वर्षांनी नीलाच्या बायजाची बोटं सुजली.

तोपर्यंत बाजारगावी जनपद सभेचा, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या सभेचा, दवाखाना झाला होता, आणि तिथं नागपूरचे एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांच्याजवळ दुर्बिणीसारखं यंत्र होतं, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघायचं. नीलानं बायजाला बैलबंडीत घातलं आणि सात कोस नेलं. डॉक्टरांनी नुकतीच चार खाटांची एक खोली मांडली होती, फक्त या हाडदुखीच्या लेकरांसाठी. उबदार पांघरूण, शिरेतून पाणी, दुखणं थांबायच्या गोळ्या, दूध. सगळं सभेच्या खर्चानं. आठव्या दिवशी बायजा बंडीतून उतरली आणि अंगणात आपल्या पायानं चालत गेली.

सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मीही हसले. मग मागच्या दारी गेले आणि तुळशीला पाणी घालताना देवाला म्हटलं, दोनच वर्षं आधी ही खोली मांडायला तुला काय झालं होतं? तिची वाचली याचा मला आनंद झाला नाही. राग आला.

डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि नीलाच्या पोटात काही राहत नाही. आल्या आल्या ती सपरीत उभी राहून सांगू लागली. "रगताचे दाने गोल असते ना, ते या लेकरायचे विळ्यावानी वाकडे होते. मंग ते नसात अडकते. नजर-बिजर काई नाई. मायकडून अर्धं, बापाकडून अर्धं, दोन्हीकडून आलं तंच होते."

"दोन्हीकडून?" मी विचारलं.

"हो बाई. एकाकडून आलं तं काई होत नाई. म्हंजे वारलूले बी तुमच्याकडून आलं अन् भासऱ्याकडून, तुमच्या मालकाकडून बी."

इतकी वर्षं मी मनात म्हणत आले होते की हे यांच्या घरचं रक्त. वरोऱ्याला माहेरी तर उघड बोलून दाखवलं होतं. आणि हिनं सासूसमोर ते माझ्या ओटीत घातलं, तेही वाईट मनानं नाही, कंदील कुठे ठेवला हे सांगावं तसं. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

यानंतर काही वर्षांनी, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्याला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माघात बातमी आली की पुढच्या सालापासून सभा त्या खोलीला पैसा देणार नाही. खोलीत औषधांच्या पेट्या ठेवायच्या, आणि लेकरं आली तर बाहेर ओसरीवर तपासून परत पाठवायची. मार्चात बैठक होती. डॉक्टर सरकारी माणूस, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नीलाला एवढंच सांगितलं, "अर्ज करा. जितकी जास्त मुलं असतील तितकी नावं द्या. नाहीतर त्यांना वाटेल की ही दोन-चार घरांची गोष्ट आहे."

नीला माझ्याकडे आली. "बाई, लिहून द्या ना. मले कुठी येते?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी दौत काढली, पाट घेतला, तिला समोर बसवलं. दोन तास ती बोलत होती आणि मी तिच्या बोलण्यातून कामाचं तेवढं उचलत होते. चांगला अर्ज झाला. 'सेवेशी सविनय' पासून 'कृपाभिलाषी' पर्यंत कुठे खाडाखोड नाही.

"आता नावं," मी म्हटलं.

"बायजा डोमा. मंग गोंडटोल्यावरच्या बुधरीचे दोघं. अन् आपला वारलू."

"त्याचं नाव नको."

"काऊन?"

"गेलेल्याला कागदात कशाला ओढायचं? त्याला राहू दे तिथं."

तिनं दौतीचं झाकण लावलं. मी जे बोलले ते खरं नव्हतं. माझी कमळा चौदाची झाली होती, आणि गोंडपिपरीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाचे काका, पत्रूभाऊ, सभेचे सभासद होते. अर्जावर वारलूचं नाव म्हणजे कमळाच्या रक्तावर माझ्याच हातानं बोट ठेवणं.

पण माझ्यासारख्या सगळ्याच होत्या. नीला पंधरा दिवस गावोगाव फिरली. ज्या घरी लेकरू रात्रंदिवस कण्हतं ते घरसुद्धा म्हणायचं, आमच्याकडे असं काही नाही. पोरींची लग्नं व्हायची आहेत, बाई, नाव नको. सात अंगठे मिळाले, त्यातले चार गोंडटोल्यावरचे.

बुधरीच्या घरी बसून नीला रडली म्हणे. मी पाहिलं नाही, बुधरीनंच सांगितलं. मग बुधरीच तिला म्हणाली, "नाव देत नाई तं नको देऊ दे. आढ्याला करदोडे खोचले आहेत ना सगळ्यायच्या घरी? ते माग. दोऱ्यावर कुठी नाव रायते?"

दुसऱ्या दिवसापासून नीला नाव विचारेना. ती दारात उभी राहून नुसता हात पुढं करायची. "नाव नको, दोरा दे." आणि बायका द्यायच्या. आत जाऊन, आढ्यातून काढून, धूर झटकून. काही तर न मागता आमच्या घरी आणून द्यायला लागल्या. धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका बाईनं नवऱ्याला न सांगता बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपलीतून आणला. नीलानं सगळे एका लाल फडक्यात बांधले आणि देवघरापाशी ठेवले. माझ्या देवघरापाशी. येणारी बाई आधी त्या गाठोड्याला हात लावायची, मग देवाला.

मी रोज त्याच्यासमोर पूजा करायची आणि मनात एकच यायचं. यात सगळ्यांच्या लेकरांचे दोरे आहेत. माझ्याचा नाही. द्यायचा म्हटला तरी नाही.

बैठकीला मी गेले ती अर्ज वाचायला. माझीच भाषा, मीच वाचणार, असं ठरलं होतं. नवीन लुगडं नेसले होते. बंडीत आम्ही चौघी, मी, नीला, बुधरी आणि बायजा. वाटेत मी दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. बुधरी म्हणाली, "पोथीवानीच लागते ओ." मला ते पुष्कळ झालं.

सभेचं घर म्हणजे कौलारू लांब दालन. एकवीस सभासद बाकांवर, अध्यक्ष नथ्थू पाटील टेबलापाशी, आणि आम्ही दारालगत जमिनीवर. आमचा विषय निघाला तेव्हा मी कागद उलगडून उभी राहिले. कारकुनानं पुढं येऊन तो माझ्या हातातून घेतला. "अर्ज कार्यालयच वाचते, बाई. खाली बसा." आणि त्यानं तो बाजारातले भाव वाचावे तसा वाचला. 'सविनय' पासून 'कृपाभिलाषी' पर्यंत कुणी मान वर केली नाही. एक सभासद सुपारी कातरत होते.

नथ्थू पाटील वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मी दगड नोहो. पण हिवतापाचा माणूस औषधानं उठते अन् कामाले लागते. पटकीची सुई टोचली तं गाव वाचते. या लेकरायचं दुखणं जन्माचं. आज बरं केलं, पुढच्या महिन्यात परत खाटेवर. मायबापाच्या रगतातून आलेलं दुखणं सभेनं कुठवर पुरवायचं?"

नीला उठली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

"पाटील, तुमचा हा चष्मा किती सालाचा?"

"का?"

"चष्म्यानं डोये बरे झाले काय तुमचे?"

"चष्म्यानं डोळे बरे होत नसतात, बाई."

"मंग काहाडून ठेवा ना. कायले वापरून राह्यले? जन्माचंच आहे ते."

बाकांवर हशा पिकला. पाटीलही हसले, पण चष्म्याला त्यांचा हात गेलाच. सुपारीवाल्यानं अडकित्ता खाली ठेवला. मी एवढं जपून लिहिलेल्यानं जे झालं नाही ते तिच्या एका वाक्यानं झालं. हे मी खाली बसून पाहत होते.

एक जण म्हणाला, "बोलणं ठीक आहे. पण अर्जावर सात अंगठे. सात लेकरांसाठी चार खाटा?"

नीलानं लाल फडकं टेबलावर सोडलं. धुरानं काळे झालेले, तेलकट, लहान लहान दोरे. तिनं एकेक सरळ करून मांडले. टेबल पुरेना तेव्हा बाकावर मांडले. करदोडा काय आहे हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. प्रत्येकाच्या घरी आढं होतं. दोन-तीन सभासद उठून जवळ आले. एकानं एक दोरा उचलला, त्याच्या गाठींवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा होता तसाच ठेवला.

"त्रेपन्न आहे," नीला म्हणाली. "नाव कोणाचं नाई सांगत. ज्यायनं दिले त्यायनं विश्वासानं दिले. अन् एक दोरा यात नाई. माह्या पुतण्याचा. तो त्याच्यासंगंच मातीत गेला. तवा हे खोली नव्हती. चौदा गाठी होत्या त्याले."

"एकोणीस."

हे मी बोलले. बसल्या जागेवरून, मोठ्यानं. सगळ्या माना दाराकडे वळल्या.

मी उठले. भीती वाटत नव्हती. माझा मुलगा तिच्या तोंडी चौदा गाठींचा झाला होता. ती बोलली की लोक ऐकतात, म्हणून आता तोही तिचा व्हायचा होता, तिच्या भाषणातला.

"एकोणीस," मी म्हटलं. "मी मारल्या. हिनं नाही. वारलू मुखरू, माझा मुलगा." नवऱ्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं घेतलं होतं. "पहिली गाठ दोन वर्षांचा होता तेव्हा, आषाढात. शेवटची मारायला घेतली तेव्हा दोरा आखूड पडला, आणि पोर म्हणालं, आई, आता राहू दे. तेव्हा डॉक्टर नव्हते, खोली नव्हती. मी त्याला गरम विटेनं शेकत बसले. नऊ वर्षांत तो जेवढा हसला तेवढं तुम्ही एका दिवसात हसता. पाटील म्हणतात बरं होऊन परत दुखतं. मला ते परत दुखणं चाललं असतं. मी त्याला दर महिन्याला बंडीत घालून आणलं असतं. कुठे आणू? तुम्ही खोली बंद करता, तर मग सांगा, कुठे आणायचं?"

दुसऱ्या बाकावर पत्रूभाऊ बसले होते. ते मला तेव्हा दिसले.

हात वर झाले. तेरा खोलीच्या बाजूनं, आठ विरुद्ध. एका सालापुरती खोली राहिली, पुढच्या सालाचं पुढं बघू म्हणाले. पत्रूभाऊंचा हात तेरांत होता. आठ दिवसांनी त्यांच्याच घरून निरोप आला की कमळाचं सध्या राहू द्या, मुलाला शिकायचं आहे.

बैठक संपल्यावर बाहेर मोहाखाली बंडी जुंपेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होत्या. फुलं टपटप पडत होती, बायजा ओच्यात वेचत होती. मी विचारलं, "चौदा तू मुद्दाम म्हणालीस?"

"नाई ओ बाई," ती म्हणाली. "मी गिनल्या कुठी होत्या? तुम्ही त्याले कोणाले हात लावू देत होत्या काय? मी दारातूनच पाहू."

मी बायजाच्या ओच्यातली फुलं सावरली. नीला आता या कामातून मागं सरली असती तर मी कधीतरी तिला माफ केलं असतं. पण ती मागं सरणारी नव्हती. घरी येईपर्यंत ती आणि बुधरी पुढच्या सालासाठी कुठल्या कुठल्या गावी जायचं ते ठरवत होत्या.

त्या उन्हाळ्यात मी कमळाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. थेंब घेतला, यंत्राखाली पाहिला. तिच्यात अर्धं होतं. तिला त्रास नाही, पण नवरा करताना त्याचंही रक्त पाहून घ्या, डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन तसं सर्वांना सांगितलं, सासूलाही. स्थळं आणखी लांब गेली. शेवटी एक आलं, आणि मुलाच्या बापाला आधी दवाखान्यात चला म्हटलं तेव्हा तो उठून गेला. त्यानंतर आलेला मुलगा मात्र दवाखान्यात गेला. त्याचं रक्त चांगलं निघालं. ते जावई आज आमच्या घरात येऊन-जाऊन आहेत.

लोक त्या खोलीला नीलाबाईच्या खाटा म्हणतात. कंपाउंडरसुद्धा म्हणतो. एकोणीस गाठींचं कुणाला आठवत नाही, चष्म्याचं सगळ्यांना आठवतं.

बैठकीच्या वर्षीच पौषात बायजाचं पुन्हा दुखलं. नीला तेव्हा धानोऱ्याकडे दोरे मागत फिरत होती, भावजी रानात लाकडाच्या कामावर. मीच बंडी जुंपायला लावली आणि निघाले. सात कोस पोरगी माझ्या मांडीवर होती. दर खाचेला ती दात खाई, पण ओरडत नसे.

खोलीत एक खाट रिकामी होती, खिडकीजवळची. परिचारिकेनं तिला निजवलं, पांघरूण घातलं, हाताला पाण्याची नळी लावली. मी पाटासारखं लहान स्टूल ओढून उशाशी बसले. थोड्या वेळानं पोरीच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. इतक्या लवकर सैल होतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

परिचारिका वही घेऊन आली. "आई तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

बायजानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मिटले. मी तिचा हात पांघरुणाखाली घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नीला धावत आली, पाय धुळीनं भरलेले, खांद्यावर फडकं. दारातूनच तिनं "माय माही" म्हणून हाक मारली आणि पोरीचा चेहरा उजळला. स्टूल एकच होतं. उठून तिला जागा द्यायला मला वेळ लागला.